घरी केलेली बिअर बाटल्यांत भरताना: पहिल्यांदाच भरणाऱ्यांसाठी

कोलोराडोकर

आमच्या डेन्व्हर-बोल्डर पट्ट्यात घरी बिअर करणारी मराठी मंडळी आता बरीच झाली आहेत. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कुठला, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) कधी टाकायचे, यीस्ट कोणतं यावर तासन् तास चर्चा होते. बाटल्या भरायचा दिवस मात्र सगळे उरकून टाकतात. माझं म्हणणं असं की चांगली उतरलेली बिअर बिघडते ती बहुधा याच दिवशी, आणि कुणाला इजा झालीच तर तीही याच दिवशीच्या घाईमुळे होते. म्हणून हा धागा फक्त बाटल्यांचा.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. अमेरिकेत स्वतःपुरती बिअर घरी करायला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केल्यावर. त्याच वर्षी इथे बोल्डरला अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन सुरू झाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची नाही. राज्यांचे नियम निराळे असतात, ते आपापले बघून घ्या. अलाबामा आणि मिसिसिपीने तर २०१३ मध्ये परवानगी दिली.

आता बाटल्या कधी भरायच्या? "दोन आठवडे झाले की" हे उत्तर नव्हे. एअरलॉक, म्हणजे आंबवायच्या बादलीच्या झाकणावरची वायू बाहेर सोडणारी नळी, त्यातले बुडबुडे थांबले यावरही विसंबू नका. बादलीचं झाकण नीट बसलेलं नसेल तर वायू भलतीकडून निघून जातो, आणि आंबणं संपल्यावरसुद्धा खोली तापली की विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येत राहतात. खरं काय ते हायड्रोमीटर, म्हणजे बिअरची घनता मोजणारं तरंगतं उपकरण, सांगतो; साखर आंबत जाते तसा त्यावरचा आकडा उतरतो. नमुना काढा, आकडा लिहून ठेवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढा. दोन्ही वेळा आकडा तोच आला आणि रेसिपीतल्या अपेक्षेच्या जवळपास असला, तरच बाटल्या धुवायला घ्या. १.०४८ ला सुरू झालेली साधी पेल एल (फिकट रंगाची बिअर) १.०१० ते १.०१२ वर येऊन थांबते. १.०२० वर अडकली असेल तर फर्मेंटर, म्हणजे आंबवायची बादली, जरा उबदार जागी न्या, अलगद हलवा आणि वाट बघा.

एवढा आग्रह का, तर हिशेब बघा. बिअरमधला कार्बन डायऑक्साइड 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळला की तो एक व्हॉल्यूम. पेल एलला साधारण २.४ लागतो. हायड्रोमीटरवरचा एक अंश, म्हणजे १.०१३ चं १.०१२ होणं, बंद बाटलीत घडलं तर जवळपास अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. चार अंश बाकी असताना तुम्ही बूच लावलंत तर ठरलेले २.४ आणि वर आणखी दोन. नेहमीची बिअरची बाटली एवढा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते.

साखरेचंही तसंच. बाटलीत फेस येतो तो भरताना घातलेल्या मोजक्या साखरेमुळे. उरलेलं यीस्ट ती खातं आणि वायू बाटलीतच कोंडला जातो. आंबवलेल्या बिअरमध्ये थोडा वायू आधीच असतो. २० अंश सेल्सियसला आंबवली असेल तर सुमारे ०.८५ व्हॉल्यूम. म्हणजे २.४ गाठायला साखरेतून दीड व्हॉल्यूम हवा, आणि त्याला दर लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास साधी साखर पुरते. अमेरिकन पाच गॅलनच्या बॅचमधून तळाचा गाळ सोडून १८ लिटर हाती लागली असं धरा: साधी साखर १०५ ग्रॅम, नाहीतर कॉर्न शुगर (मक्याची साखर, डेक्स्ट्रोज) ११५ ग्रॅम. बादलीत प्रत्यक्ष किती लिटर आली ते बघून हिशेब करा, रेसिपीवर छापलेल्या आकड्यावरून नको.

ही साखर ३०० ते ४०० मिली पाण्यात टाकून पाच-दहा मिनिटं उकळा, झाकून निवू द्या, आणि आधी रिकाम्या बॉटलिंग बादलीत ओता. मग सायफनची नळी बादलीच्या तळाशी वर्तुळाकार टेकवून बिअर त्यावर सोडा. बिअर गोल फिरत भरते आणि साखर आपोआप मिसळते. शेवटी निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने सावकाश दोन-चार वेळा ढवळा. फेस येईल असं घुसळायचं नाही, धारही उंचावरून सोडायची नाही. आंबलेल्या बिअरमध्ये हवा गेली की काही आठवड्यांत तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि ती परत काढता येत नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत दोन कामं वेगळी ठेवा. धुणं म्हणजे चिकटलेला मळ काढणं, त्याला पीबीडब्ल्यू नावाची धुण्याची पावडर किंवा बिनवासाचं ऑक्सिक्लीन. रात्रभर बाटल्या त्यात बुडवून ठेवल्या की लेबलंही बहुतेक सुटून येतात. त्यानंतर निर्जंतुक करणं. मळ राहिलेल्या बाटलीवर कुठलंही औषध काम करत नाही, म्हणून प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून तळ बघा; जुन्या बिअरचं तपकिरी वर्तुळ दिसलं तर ब्रश घाला. मी स्टार सॅन वापरतो, १९ लिटर पाण्याला ३० मिली. एक-दोन मिनिटं आतून ओली राहिली की उपडी करायची. आत थोडा फेस राहतो, तो राहू द्या. लोणच्याची बरणी आपण उन्हात खडखडीत वाळवून मगच भरतो. इथे मात्र वाळवत बसायचं नाही, नळाच्या पाण्याने पुन्हा विसळायचंही नाही. ओली बाटली लगेच भरायची.

बाटल्या तपकिरी घ्या. उजेडाने हॉप्समधले कडू घटक फुटतात आणि स्कंकसारखा वास येतो. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच अडवत नाही. पिळून उघडायच्या झाकणाच्या बाटल्या मुळीच नकोत. त्यांच्या तोंडाला आटे असतात आणि हाताच्या कॅपरने (झाकण दाबून बसवायच्या यंत्राने) लावलेलं झाकण त्यावर घट्ट बसत नाही. ओपनरने उघडाव्या लागणाऱ्या बाटल्या जमवा. १८ लिटरला ३५५ मिलीच्या पन्नासेक लागतात, पाच-सहा जास्तीच्या धुऊन ठेवा.

भरतानाची माझी मांडणी: बॉटलिंग बादली ओट्याच्या कडेला, अगदी डिशवॉशरच्या वर. डिशवॉशरचं दार आडवं उघडून त्यावर बाटल्या. सांडलेलं सगळं दारावर पडतं, शेवटी दार लावलं की काम संपलं. बादलीच्या तोटीला बोटभर नळीने बॉटलिंग वाँड जोडा. तिच्या टोकाला झडप असते. टोक बाटलीच्या तळाला टेकलं की बिअर वाहते, उचललं की थांबते. बिअर खालून वर चढते, त्यामुळे खळखळ होत नाही. तोंडाशी आली की वाँड काढा. वाँडने व्यापलेली जागा रिकामी होते आणि पातळी आपसूक इंचभर खाली बसते. तेवढी मोकळी जागा बरोबर असते.

झाकणं लावताना कॅपरचे दोन्ही दांडे सारख्या जोराने, थेट खाली दाबा. झाकण बोटांनी सहज फिरलं तर पुन्हा दाबा. ही दातेरी झाकणं बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये पेटंट केली, आणि तत्त्व आजही तेच आहे.

मग २० ते २२ अंशांवर, अंधारात, दोन आठवडे. प्रश्न विचारा, अनुभव लिहा.

---

दवणा

वाचनखूण साठवली. काका, दोन शंका. माझ्या किटबरोबरच्या कागदावर "पाऊण कप प्रायमिंग शुगर" लिहिलंय. आणि साखरेऐवजी गूळ घातला तर? घरी कोल्हापूरचा चांगला गूळ आहे.

---

कोलोराडोकर

दवणा, तो पाऊण कप जुन्या अमेरिकन रेसिप्यांमधून चालत आलाय आणि तो कॉर्न शुगरचा आहे. ती भुसभुशीत असते. त्याच कपात आपली दाणेदार साखर घेतलीत तर ती जवळजवळ १५० ग्रॅम भरते. १८ लिटरमध्ये १५० ग्रॅम म्हणजे तीन व्हॉल्यूम. बाटली उघडताच निम्मी बिअर ओट्यावर. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा वापरा आणि कप विसरा.

गुळाचं मन मोडतो, पण पहिल्या वेळी नको. गुळात ओलावा किती आणि साखर किती हे ढेपेगणिक बदलतं, त्यामुळे ग्रॅमचा हिशेब जुळत नाही. मधाचंही थोडंफार असंच. गुळाची चव हवीच असेल तर सुरुवातीला माल्टचा काढा उकळताना घाला, पोर्टर किंवा ब्राऊन एल अशा गडद बिअरमध्ये छान लागतो; तिथे तो पूर्ण आंबून जातो आणि बाटलीशी त्याचा संबंध उरत नाही.

---

लीड्सवासी

उत्तम धागा. इंग्लंडातल्या वाचकांसाठी एक भर, कारण यात हमखास गफलत होते. आमचा गॅलन ४.५५ लिटरचा, अमेरिकेचा ३.७९ चा. पाच गॅलन म्हटलं की इथे जवळपास २३ लिटर आणि तिकडे १९. इंग्लिश रेसिपीतली साखर अमेरिकन बादलीत जशीच्या तशी ओतलीत तर पाचवा हिस्सा जास्त पडते. म्हणून कोलोराडोकर सांगतात तसं दर लिटरला किती ग्रॅम हेच धरून चाला.

दुसरं, प्रत्येक बिअरला २.४ लागतो असं नाही. आमच्याकडची बिटर प्रकारची बिअर दोनच्या आसपासच चांगली लागते, म्हणजे लिटरला साडेचार ग्रॅमच्या आत. जास्त वायू भरला की माल्टची चव दबते आणि नुसती चरचर जिभेला लागते. इथे घरगुती बिअरसाठी लायसन्स लागायचं ते १९६३ मध्ये रद्द झालं. तेव्हापासून किटांचा धंदा एवढा वाढलाय की बाटल्या, झाकणं, सगळं सहज मिळतं.

कमी बाटल्या भरायच्या असतील तर कार्बोनेशन ड्रॉप्स, म्हणजे साखरेच्या मापाच्या गोळ्या, बाटलीत थेट टाकता येतात. सोय आहे, पण गोळी ठरलेल्या आकाराच्या बाटलीसाठी असते आणि वायू कमी-जास्त करता येत नाही.

---

गारठा

मिनिआपोलिसहून लिहितेय. माझी पहिलीच बॅच. अठरा दिवस झाले बाटल्या भरून, आणि काल उघडली तर फुस्स आवाजही नाही. चव गोडसर, फेस नाही. साखर वजन करूनच घातली होती. सगळं फेकून द्यावं लागेल का?

---

कोलोराडोकर

मुळीच फेकू नका. बाटल्या कुठे ठेवल्यात? तिथलं तापमान किती? आणि झाकणं बोटांनी फिरतात का?

---

गारठा

बेसमेंटमध्ये, भिंतीला लागून. आत्ता थर्मामीटर ठेवून आले, १४ अंश. झाकणं घट्ट आहेत.

---

कोलोराडोकर

मग कारण सापडलं. १४ अंशांना एल यीस्ट जवळपास झोपलेलं असतं. बिअर गोडसर लागतेय म्हणजे घातलेली साखर अजून तशीच शिल्लक आहे. बाटल्या वर आणा, २०-२१ अंश असेल अशा कपाटात ठेवा, एकेक अलगद उपडी करून तळाशी बसलेलं यीस्ट पुन्हा मिसळू द्या. हीटरला चिकटून ठेवू नका. दहा दिवसांनी एक बाटली फ्रिजमध्ये दोन रात्री ठेवून उघडा. आणि मधल्या काळात जास्तीची साखर घालायचा मोह टाळा! तसं केलंत तर सगळी साखर एकदम आंबेल.

---

मैथिली_एडिसन

गारठा, बाटल्या वर आणणार असशील तर मोठ्या प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यांत घालूनच आण. आमच्या ओळखीच्या एका घरात उन्हाळ्यात कपड्यांच्या कपाटात ठेवलेली बाटली फुटली. घरात कुणी नव्हतं म्हणून निभावलं. समोरच्या भिंतीच्या ड्रायवॉलमध्ये काच रुतली होती, आणि शेजारच्या दोन बाटल्याही तिच्याबरोबर गेल्या. आंबणं संपायच्या आधीच भरली होती, हायड्रोमीटर घरात असून लावला नव्हता.

आमच्याकडे मुलं लहान आहेत, म्हणून मी नियम केलाय: पहिले तीन आठवडे बाटल्या बंद डब्यात, डबा जमिनीवर, मुलांच्या हाताबाहेर. आणि दर बॅचला एक बाटली प्लॅस्टिकची, सोड्याची. तीही निर्जंतुक करून भरायची आणि हवा दाबून काढून झाकण लावायचं. रोज चिमटीत दाबून बघायची. भरल्या दिवशी मऊ असते, हळूहळू कडक होत जाते. अगदी दगडासारखी झाली आणि अजून आठवडाही झाला नसेल, तर काहीतरी बिनसलंय हे काचेच्या बाटलीला हात न लावता कळतं.

---

इसारकाठ

मैथिलीताईंची सोड्याची बाटली फार उपयोगी, सगळ्यांनी करावी.

म्युनिकहून थोडं. इथली गव्हाची बिअर, वाइसबिअर, तीनच्या वर व्हॉल्यूमची असते, म्हणून तिला जाड काचेची अर्ध्या लिटरची बाटली असते. ती चव घरी हवी असेल तर तशाच बाटल्या जमवा, पातळ काचेत हा प्रयोग करू नका. तारेच्या कडीचं झाकण असलेल्या बाटल्या इथे सहज मिळतात आणि कॅपर लागत नाही. पण रबराची चकती दर वेळी बघायची. वाळून तडा गेला असेल तर वायू निघून जातो आणि माणूस यीस्टला दोष देत बसतो.

साखरेऐवजी इथे 'स्पाइझं' वापरतात. उकळलेला माल्टचा काढा यीस्ट घालण्याआधी थोडा बाजूला काढून थंड ठेवायचा आणि बाटल्या भरताना पुन्हा उकळून, निववून मिसळायचा. १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता नियमात बिअर फक्त बार्ली, हॉप्स आणि पाण्याची होती, तेव्हा साखर न घालता फेस आणण्याची ही पद्धत इथल्या लोकांना जवळची वाटते. पण काढ्यात आंबण्याजोगी साखर किती हे काढावं लागतं. हात बसल्यावरच करा.

---

पर्वतीपायथा

छान माहिती. पुण्यात घरी करता येईल का? किट ऑनलाइन दिसतात.

---

कोलोराडोकर

पर्वतीपायथा, नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, बिअरसुद्धा त्यात आली. किट विकत मिळतं याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. पुण्यात मायक्रोब्रूअऱ्या भरपूर आहेत. दुपारी गर्दी नसताना गेलात आणि आस्थेने विचारलंत तर ब्रूअर मंडळी टाक्या दाखवतात, बोलतात. शिकायला तेही खूप आहे.

---

लीड्सवासी

मैथिली यांच्या मुद्द्यावर: प्लॅस्टिकची बाटली वेळेआधी कडक झाली तर काय करायचं हेही लिहायला हवं.

---

कोलोराडोकर

बरोबर. काचेच्या बाटल्या हलवाहलव न करता गार करायच्या. यीस्ट थंडीत थांबतं आणि वायू बिअरमध्ये जास्त विरघळतो, त्यामुळे दाब उतरतो. डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, अंगात लांब बाह्यांचा शर्ट. डब्यावर जाड टॉवेल टाकून डबाच्या डबा फ्रिजमध्ये किंवा थंड गॅरेजमध्ये न्या, पण गोठू देऊ नका. चोवीस तासांनी, पूर्ण गार झाल्यावर, सिंकमध्ये एकेक बाटली टॉवेलात धरून झाकण किंचित उचला, वायू सोडा, नवं झाकण लावा. फारच दाब वाटत असेल तर वाचवायच्या फंदात न पडता गारच उघडून ओतून द्या. एका बॅचच्या सामानाची किंमत ती काय, डोळ्यापुढे काहीच नाही.

जंतूंमुळेही असं होतं. रानटी यीस्ट शिरलं तर नेहमीचं यीस्ट जी साखर खात नाही तीही ते खातं, आणि वायू आठवडेच्या आठवडे वाढत राहतो. अशा बाटलीच्या गळ्याशी बहुतेकदा बिअरच्या पातळीवर कडं दिसतं. दिसलं की सगळी बॅच गार करा. शिवाय तोटी आणि नळ्या सुट्या करून धुवा. तोटीच्या आत चिकट थर साचतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

---

गारठा

दहा दिवस झाले. वरच्या मजल्यावर, डब्यात, २१ अंशांवर ठेवल्या होत्या. काल आणि आज मिळून दोन बाटल्या उघडल्या. कालची सुंदर! पांढरा फेस पेल्यात शेवटपर्यंत टिकला, सासरेबुवांनीही घेतली. आजची मात्र त्यापेक्षा बरीच मंद निघाली. दोन्ही एकाच दिवशी भरलेल्या, एकाच डब्यातल्या. असं का?

---

कोलोराडोकर

वा, अभिनंदन! हा फरक बहुधा साखर नीट न मिसळल्याचा आहे. पाक जड असतो, तळाशी राहतो आणि तोटीही तळाशीच असते, त्यामुळे आधी भरलेल्या बाटल्यांत साखर जास्त जाते आणि शेवटच्यांत कमी. दुसरी शक्यता म्हणजे त्या एका झाकणातून हळूहळू वायू जातोय. तिसरी, कालची फ्रिजमध्ये जास्त वेळ होती. गार बिअरमध्ये वायू मुरायला दोन-तीन दिवस लागतात.

पुढच्या वेळी भरतानाच झाकणांवर मार्करने क्रमांक टाका, पहिल्या बाटलीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत. मग तयार झाल्यावर सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन एकाच वेळी गार करून शेजारी-शेजारी ओता. वायू क्रमाने उतरत गेला तर ढवळण्यात कमी पडलं, आणि एखादीच मधली मंद निघाली तर तिचं झाकण. सध्याच्या बॅचमधल्या उरलेल्या आणखी आठवडाभर वरच राहू द्या, आणि त्यातली एखादी उघडल्यावर फेस भसाभसा वर आला तर बाकीच्या लगेच फ्रिजमध्ये.

---

गारठा

समजलं. मार्कर घेऊन ठेवते. पुढची ब्राऊन एल आहे, आज १.०१४ आली. गुरुवारी पुन्हा मोजते.

---

कोलोराडोकर

गुरुवारचा आकडा इथेच टाका, मग साखर किती ते मिळून काढू. बादलीत नक्की किती लिटर आहे तेही लिहा.